डिजिटल चित्र शिकताना: टॅब्लेट घेण्याआधीपासून प्रिंट हातात येईपर्यंत

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की पहिल्या वर्षाची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, "ताई, कोणता टॅब घेऊ?" मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षांपूर्वी मीही सीनियरना हेच विचारलं होतं. तेव्हा मला मॉडेलचं नाव मिळालं, पण टॅब्लेट घरी आल्यावर पहिले सहा महिने नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. हा लेख त्या सहा महिन्यांसाठी आहे. यातला बराचसा भाग चित्रं बघण्याबद्दल आहे, कारण माझं काम जेव्हा जेव्हा सुधारलं, त्याच्या थोडंच आधी मी कुणाचं तरी चित्र समोर उभं राहून नीट बघितलेलं होतं.

पहिले दोन आठवडे: तांब्या, वाटी, लिंबू

अजून काही विकत घेऊ नका. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे शब्द ओळखीचे असतील. दिली नसेल तरी काही अडत नाही. घरातला पितळी तांब्या, स्टीलची वाटी आणि एक लिंबू खिडकीपाशी ठेवा. 4बी पेन्सिल घ्या आणि रोज अर्धा तास फक्त तीन टोनमध्ये काढा: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. चौथा टोन वापरायचा नाही.

काढताना डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. तांब्यावर एक गंमत दिसेल. सगळ्यात उजळ ठिपका बऱ्याचदा सगळ्यात काळ्या पट्ट्याला चिकटून असतो. लिंबावर मात्र उजेड हळूहळू सावलीत उतरतो. धातू चकचकीत का दिसतो, याचं उत्तर त्या शेजारात आहे. हे एकदा पेन्सिलीनं हाताला कळलं की पुढं 'मेटल ब्रश' शोधत बसावं लागत नाही.

आता टॅब्लेट

सुरुवातीला स्क्रीन नसलेला, साधा पेन टॅब्लेट पुरतो, म्हणजे पेनानं काढायची पाटी; चित्र कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटतं. लहान आकाराचे साधारण तीन-चार हजारांपासून मिळतात. जाहिरातीत दाबाच्या पातळ्या मोठ्या अक्षरांत छापलेल्या असतात, 2048 किंवा 8192. शिकणाऱ्या हाताला त्यातला फरक जाणवत नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. त्यापेक्षा पेनाच्या सुट्या निब (टोकं) सहज मिळतात का आणि तुमच्या कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर, आहे का, हे विचारा. कॉम्प्युटर नसेल तर फोनवर बोटानं किंवा साध्या स्टायलसनं सुरुवात करता येते. फोनवर रेषा कमी जमते, पण टोन आणि रंगांचा सराव चांगला होतो.

सॉफ्टवेअरसाठी क्रिटा घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे आणि चित्रकारांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं आहे. फोनवर आयबिस पेंट चालेल. क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं टाकू नका. फुकटात इतकं चांगलं मिळत असताना त्या वाटेला जायचं कारणच नाही.

टॅब्लेट जोडल्यावर पहिलं काम ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये आहे. टॅब्लेटच्या पृष्ठभागाचं आणि स्क्रीनचं प्रमाण सारखं करा. तसं केलं नाही तर तुम्ही काढाल गोल आणि स्क्रीनवर उमटेल अंडं. मी जवळजवळ महिनाभर माझाच हात वाकडा आहे असं धरून चालले होते.

मग पहिला आठवडा बाराखडी लिहा. खरंच. हात खाली, नजर वर, ही सवय लावायला आपल्या लिपीइतका चांगला व्यायाम मला दुसरा सापडलेला नाही. शिरोरेषा ओढताना सरळ लांब रेषेचा सराव होतो, 'क' आणि 'ळ' मध्ये वळणं येतात, उभ्या दांड्यात दाब एकसारखा ठेवावा लागतो. शाळेत बोरूनं किंवा कट निबनं अक्षरलेखन केलं असेल तर जाड-बारीक रेषेची जाण हातात आधीच असते. रोज दोन पानं. सातव्या दिवशी पहिलं पान उघडून शेजारी ठेवा, फरक दिसेल.

कॅनव्हासचा आकार

इथं फार विचार करायचा नाही, फक्त आकडा लक्षात ठेवायचा. ए4 कागदावर 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) छापायचं असेल तर कॅनव्हास 2480 × 3508 पिक्सेल हवा. ए3 ला 3508 × 4961. सोशल मीडियासाठी म्हणून 1080 पिक्सेल रुंद चित्र काढलंत, तर 300 डीपीआयला ते छापून साडेतीन इंचांच्या थोडं वर भरतं. मोठं चित्र लहान करता येतं, लहान मोठं केलं की फाटतं. म्हणून पहिल्यापासून ए4.

पहिलं खरं चित्र: रसवंती

सरावाच्या फायली कितीही केल्या तरी एक पूर्ण चित्र हातावेगळं केल्याशिवाय काही कळत नाही. विषय घराजवळचा घ्या, जिथं रोज जाऊन बघता येईल. मी आमच्या एसटी स्टँडबाहेरचं रसवंतीगृह घेतलं होतं. कसं केलं ते क्रमानं सांगते.

आधी वही घेऊन तिथं बसले. एक ग्लास रस घेतला की बाकड्यावर तासभर कुणी उठवत नाही. फोटो काढायच्या आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत सहा रफ काढले: एकात चरक मोठा, एकात फक्त बाकडी आणि ग्लास, एकात रस्त्यावरून दिसणारी पूर्ण रसवंती. फोटो नंतर काढला, तोही तपशिलासाठी. दुपारी दोनच्या उन्हात फोनच्या कॅमेऱ्यात एक तर बाहेरचं ऊन पांढरं जळतं किंवा आतली सावली काळी होते. डोळ्यांना दोन्ही एकाच वेळी दिसतं. त्यामुळं आतली माणसं मी वहीवरून घेतली आणि चरकाचे दाते, मोटरचा पट्टा, उसाच्या मोळ्या फोटोवरून.

घरी येऊन क्रिटात पाचच लेअर केले, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदांसारखे थर. सगळ्यात वर रेषा. त्याखाली उजेड, त्याखाली सावली, त्याखाली सपाट रंग आणि तळाला पार्श्वभूमी. पहिल्या चित्राला यापेक्षा जास्त लेअर लागत नाहीत. चाळीस केलेत तर कुठला कशाचा हे शोधण्यातच दिवस जातो. लेअरला नाव द्या, 'सावली' म्हणून, 'पेंट लेअर 17' म्हणून सोडू नका.

सावलीचा लेअर 'मल्टिप्लाय' या मोडवर, म्हणजे खालच्या लेअरमध्ये मिसळायच्या एका पद्धतीवर, ठेवतात. त्यात वरच्या रंगाचा खालच्या रंगाशी गुणाकार होतो, म्हणून निकाल नेहमी खालच्या रंगाइतका किंवा त्याहून गडदच येतो, आणि पांढरा असेल तिथं काहीच बदलत नाही. सगळ्या चित्रावर एकाच रंगाची सावली त्यामुळं पटकन घालता येते. नव्यानं शिकणारे इथं काळा रंग घेतात. मीही घेतला होता, आणि रस विकणाऱ्या काकांचा चेहरा काजळी बसल्यासारखा दिसायला लागला. परत स्टँडवर जाऊन बघितलं तर वर हिरवी शेडनेट बांधलेली होती. आत येणारा सगळा उजेड तिच्यातून गाळून हिरवट होऊन येत होता आणि काकांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर चक्क पोपटी छटा होती. सावलीला रंग असतो आणि तो आसपासच्या वस्तूंकडून येतो, हे वर्गात ऐकलेलं वाक्य मला त्या सदऱ्यावर दिसलं. काळ्याऐवजी करडा-हिरवा घेतला आणि चित्र उघडलं.

दर पाच-दहा मिनिटांनी एक तपासणी करा. सगळ्यात वर एक करड्या रंगाचा लेअर भरून त्याचा मोड 'कलर' करून ठेवा. तो सुरू केला की चित्र कृष्णधवल दिसतं, बंद केला की परत रंगीत. कृष्णधवल चित्रात चरक कुठं आहे ते लगेच कळत नसेल तर रंग बदलून उपयोग होत नाही, टोन चुकलेले असतात. इथं तांब्या-लिंबाचे दोन आठवडे कामी येतात.

फाइल जतन करण्याबद्दल थोडक्यात: एकाच फाइलवर सेव्ह करत राहू नका. रसवंती_01, रसवंती_02 असं पुढं जा आणि दिवसअखेर एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर टाका. वीज आपल्याला विचारून जात नाही.

चित्र कसं बघायचं

दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या रात्रीचं चित्र केलं होतं. गॅलरीत आकाशकंदील, खाली पणत्या. कंदील उजळत नव्हता म्हणून मी त्यावर ग्लो ब्रश फिरवत गेले. जितका फिरवला तितकं चित्र धुरकट झालं. त्याच महिन्यात आमची अभ्यास सहल म्हैसूरला गेली आणि जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघायला मिळालं. दिवा हातात धरलेली ती बाई तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असेल. कित्येक जण ते राजा रविवर्म्यांचं समजतात, पण रविवर्मा 1906 मध्ये गेले आणि हे चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी झालं. सावंतवाडीच्या हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला समोर उभं करून ते काढलं.

ते जलरंगात आहे. हे कळल्यावर मी तिथून हलले नाही. जलरंगात उजेड नंतर वरून चढवता येत नाही, तो कागदाच्या पांढऱ्यात पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. तिनं ज्योतीपुढं तळहात धरलाय, बोटांमधून तांबूस उजेड झिरपतोय आणि चेहऱ्यावर सोनेरी येतोय. मी वहीत तीन टोनचा रफ काढला, तेव्हा लक्षात आलं की खरोखर उजळ भाग तळहाताएवढाच आहे. बाकी सगळी आकृती आणि भिंत मध्यम ते गडद. आजूबाजूचा अंधार एवढा शांत ठेवलाय म्हणून ती बोटं पेटल्यासारखी दिसतात.

परत आल्यावर मी कंदिलावरचा ग्लोचा लेअर काढून टाकला आणि गॅलरी, भिंत, आकाश तीन पायऱ्या खाली नेलं. त्यापलीकडं कंदिलाला हात लावला नाही, तरी तो पेटला.

म्हणून माझी बघण्याची पद्धत सांगते. प्रदर्शनात गेल्यावर पहिली फेरी भरभर मारा, काहीही न वाचता. जे चित्र मागं वळून बघावंसं वाटलं तेवढंच निवडा. त्याच्यासमोर वीस मिनिटं थांबा. आधी लांबून, मग जवळून, मग तिरकं उभं राहून रंगाचा थर बघा. वहीत तीन टोनचा रफ काढा आणि खाली एकच प्रश्न लिहा, उदाहरणार्थ 'ही कडा इथं का विरघळली?' फोटो सगळ्यात शेवटी, परवानगी असेल तरच. एका भेटीत एक-दोन चित्रं अशी बघून झाली तरी पुष्कळ.

मुंबईत असाल तर काळा घोडा भाग सोडू नका. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून तिथं आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः चित्रांपाशी बसलेले असतात. "हे कसं केलंत?" असं नीट विचारलं तर बहुतेक जण मनापासून सांगतात. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकोल्सन संग्रहात वासुदेव गायतोंडे यांची चित्रं आहेत. त्यांचं एखादं चित्र मांडलेलं असेल तर जरूर गाठा. फोनवर ते एक सपाट रंगीत आयत दिसतं. समोर उभं राहिलं की रोलरनं आणि पॅलेट नाइफनं चढवलेले, खरवडलेले थर एकामागून एक दिसायला लागतात. लेअरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी-जास्त करताना मी आजही तो पृष्ठभाग आठवते.

मुंबई-पुणं लांब पडत असेल तर जवळचं शोधा. माझं गाव सातारा जिल्ह्यात. मी आयुष्यातलं पहिलं खरं तैलचित्र शाळेच्या सहलीत औंधला बघितलं. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 मध्ये उभं केलं. तिथं रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं एक शिल्पही आहे. एवढ्याशा गावात हे आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या चित्रं काढणाऱ्या निम्म्या मुलांनी ते बघितलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

घरातून बघायचं तर मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बारीक तपशिलाची छायाचित्रं असतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच' चं 717 अब्ज पिक्सेलचं छायाचित्र 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात झूम करत गेलं की रंगाला गेलेले तडे आणि ब्रशचा एकेक फटकारा दिसतो, संग्रहालयात दोरीमागं उभं राहून दिसणार नाही इतका. चित्र माणसाच्या अंगावर किती येतं, ते मात्र स्क्रीनवर कळत नाही. त्यामुळं झूम करायच्या आधी मापं वाचा आणि घरातल्या भिंतीवर हातानं मोजून बघा.

आणखी एक खजिना रद्दीच्या दुकानात असतो. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघा, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची. मुळगावकर स्प्रेनं रंग चढवत. आपण आज सॉफ्ट एअरब्रश निवडून जे करतो ते त्यांनी हातानं केलं, आणि चेहऱ्यावरची मऊ सावली कुठं थांबवायची हे त्यांच्याकडून शिकावं.

नक्कल करा, पण सांगून

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 या काळात जात होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या, पण त्या मुलांच्या हातात आलेली रेषा कुठं जाणार होती? नक्कल हा शिकण्याचा जुना रस्ता आहे.

मी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चेहऱ्याची डिजिटल नक्कल केली. लेण्यात उजेड कमी असतो, फ्लॅश चालत नाही, सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवून जा. समोर गेल्यावर कळलं की बाह्यरेषा सगळीकडं सारखी जाड नाही. भुवईवर ती बारीक होते, हनुवटीखाली भरते. नाकाच्या दांडीवर आणि ओठावर उजळ छटा ठेवून उठाव दिलाय. घरी मी रेषा सरळ करणारा स्टॅबिलायझर बंद केला आणि भुवई निदान तीस वेळा काढली. 'अनडू' (केलेलं मागं घ्यायची आज्ञा) दाबत राहिले की हात शिकत नाही, म्हणून प्रत्येक वेळी नवीन लेअर घेऊन काढली आणि शेवटी सगळ्या एकत्र सुरू करून बघितल्या.

अशी नक्कल कुणाला दाखवताना खाली 'अमुक चित्रावरून अभ्यास' असं लिहा. हयात चित्रकाराच्या कामाची नक्कल विकू नका. वारलीबद्दल तर विशेष सांगते. गोल, त्रिकोण, चौकोन सोपे वाटतात म्हणून नवीन मुलं ती चित्रं उचलून टी-शर्टवर टाकतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं होणारं ते एका समाजाचं काम आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. अभ्यास करा, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हजारो माणसांची जत्रा एका कापडावर कशी फिरवली ते बघा, पण धंदा त्या लोकांना करू द्या.

प्रिंट

त्या आकाशकंदिलाच्या चित्राचं प्रिंट वार्षिक प्रदर्शनासाठी एका प्रेसमधून काढून घेतलं. स्क्रीनवरचं गर्द निळं आकाश कागदावर मळकट जांभळं आलं आणि गॅलरी पूर्ण काळी झाली. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. तेच लावलं.

दोन गोष्टी झाल्या होत्या. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, तिथले रंग आरजीबीत, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या उजेडाच्या मिश्रणात असतात. छपाई शाईनं सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई) होते आणि काही झगझगीत निळे, हिरवे, केशरी शाईत तयारच होत नाहीत. शिवाय मी रात्री स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम करत होते, म्हणून मला जे मध्यम वाटत होतं ते खरं तर फार गडद होतं. आता मी ब्राइटनेस निम्म्यावर ठेवते, क्रिटातलं सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील याचा स्क्रीनवरचा अंदाज, सुरू करून रंग तपासते आणि पूर्ण प्रिंटच्या आधी चित्राच्या सगळ्यात गडद आणि सगळ्यात रंगीत भागाची वीतभर पट्टी छापून घेते. पट्टी दिवसाच्या उजेडात बघायची, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. फाइल देताना पीएनजी किंवा टिफ द्या आणि ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दाखवा

चित्र झालं की तीन जणांना दाखवा: एक चित्र शिकलेला, एक घरातला, आणि ज्याचं चित्र आहे तो. "कसं आहे?" विचारलं की सगळे "छान" म्हणतात. त्याऐवजी "आधी नजर कुठं गेली?" असं विचारा आणि उत्तर ऐकताना मधे बोलू नका.

रसवंतीचं प्रिंट मी काकांना नेऊन दिलं. त्यांनी हात पुसले, प्रिंट उन्हात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पोरी, सगळं बरोबर हाय, पण मोटर ह्या अंगाला नाय माझी." खरं होतं. चुका दिसाव्यात म्हणून चित्र आरशासारखं उलटवून बघतात. मी ते बघण्यापुरतं न उलटवता प्रतिमाच उलटवली होती आणि परत सरळ करायची राहून गेली होती. क्रिटात 'एम' ही कळ दाबली की फक्त दृश्य उलटतं, चित्र जागच्या जागी राहतं. तीच वापरा. काकांना दुसरं प्रिंट दिलं आणि ते आता गल्ल्यामागं लावलेलं आहे, मोटर उजवीकडं.